रोवलेला झेंडा आणि खेळवलेला झेंडा



अंबाजोगाईत बोलायचं म्हटलं की आम्हाला थोडी धास्तीच वाटते. हे मुकुंदराजांचं गाव, दासोपंतांचं गाव. दासोपंतांनी तर पंचीकरणासारखा अवघड विषय कापडावर लिहून ठेवला. ती पासोडी आजही या गावात जपलेली आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण खडू आणि फळा यापलीकडे काही गेलो नाही. आज मात्र आम्हीही कापडावरच बोलणार आहोत. काठीला लावलेल्या कापडावर, म्हणजे झेंड्यावर.

विषय सुचला तो नातीमुळे. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली होती. तिनं मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. इटलीतल्या एका गावचा चौक. दगडी फरशी, भोवती जुने वाडे, ढोल वाजतोय आणि मध्ययुगीन पोशाखातली पोरं मोठमोठे रंगीत झेंडे हवेत फेकताहेत. झेंडा दोन मजले वर जातो, गिरकी घेतो, कापड फुलासारखं उघडतं आणि काठी बरोबर समोरच्याच्या हातात येऊन पडते. नात म्हणाली, ‘आजोबा, आपल्याकडे असं काहीच कसं नाही?’

आम्ही तेव्हा ‘नाही बुवा’ असं म्हणून मोकळे झालो. रात्री झोप येईना. मग उठून पुस्तकं काढली. तीन-चार महिने हाच नाद लागला. त्या पोरीला जे उत्तर द्यायला हवं होतं, ते आज तुमच्यापुढं मांडतो आहोत.

आधी त्या इटालियन पोरांचं सांगतो.

त्या खेळाडूंना तिकडे ‘स्बान्दिएरातोरी’ म्हणतात. ‘बान्दिएरा’ म्हणजे झेंडा. त्यावरून झेंडा खेळवणारे, असा अर्थ घ्या. काठीच्या मुठीकडच्या टोकाला शिसं भरून वजन दिलेलं असतं, म्हणून फेकलेली काठी हवेत नीट फिरते आणि हाताशी परत येते. नियम अनेक आहेत, पण एक नियम सगळ्या नियमांचा बाप आहे. झेंडा जमिनीला लागता कामा नये. लागला की गुण गेले. गुणांपेक्षाही, ज्याच्या हातून पडला त्याला आपल्या आळीत मान खाली घालावी लागते, ते जास्त जड असतं.

आता हा नियम आला कुठून? तो आला रणांगणातून.

बाराव्या-तेराव्या शतकात इटलीतली शहरं म्हणजे एकेक स्वतंत्र राज्यच होतं. लढाईला निघताना शहर आपल्याबरोबर एक गाडा नेत असे, त्याचं नाव ‘कारोच्यो’. बैलांनी ओढलेला मोठा गाडा, त्यावर उंच डोलकाठी, डोलकाठीला शहराचं निशाण. गाडा शत्रूच्या हाती पडला की शहर हरलं, असा सरळ हिशेब होता. २९ मे ११७६ रोजी लेन्यानो इथं उत्तर इटलीतल्या शहरांनी एकजुटीनं सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा पराभव केला, त्या लढाईची गोष्ट आजही तिकडे सांगतात ती या गाड्याभोवतीच.

दुसरी गोष्ट ४ सप्टेंबर १२६०ची. सिएना आणि फ्लोरेन्स या दोन शहरांची मोन्तापेर्ती इथं लढाई झाली. फ्लोरेन्सच्या घोडदळाचं निशाण याकोपो दे पात्सी नावाच्या सरदाराच्या हातात होतं. त्याच्याच बाजूच्या बोक्का नावाच्या माणसानं ऐन गर्दीत त्याचा हात तोडला, असं जुना इतिहासकार विल्लानी लिहितो. निशाण खाली आलं, मागच्यांना वाटलं सगळं संपलं, आणि फळी फुटली. दान्ते या महाकवीनं आपल्या काव्यात या बोक्काला नरकाच्या तळाशी, बर्फात गोठलेल्या विश्वासघातक्यांमध्ये नेऊन ठेवलं आहे.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून इथं जरा थांबतो. निशाण पडल्यानं लढाई हरत नाही. तलवारी तेवढ्याच असतात, घोडे तेवढेच असतात. मग फौज पळते का? आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचं एक नेहमीचं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे असं आपण जाणतो. संस्कृतात अग्नीला ‘धूमध्वज’ असं एक नावच आहे. धूर हा ज्याचा झेंडा आहे, तो. धूर आणि अग्नी यांचं नातं निसर्गानं बांधलेलं असतं. झेंडा आणि सैन्य यांचं नातं मात्र माणसानं ठरवलेलं असतं, तो नुसता संकेत असतो. पण रणधुमाळीत माणूस संकेताला निसर्ग समजतो. धूर नाही म्हणजे अग्नी नाही, तसं निशाण नाही म्हणजे आपण नाही. हा तर्क चुकीचा आहे आणि तरीही माणसं त्यावर जगतात आणि मरतात. मघाचा तो फळी फुटण्याचा क्षण म्हणजे एक चुकलेलं अनुमान होतं.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. आपल्याच जिल्ह्यात, गोदावरीकाठी राक्षसभुवनला, १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. माधवराव तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथं मारला गेला. गेवराईकडच्या लोकांनी शनीचं दर्शन घेताना ती जागा कितीदा ओलांडली असेल. त्या मैदानात जरीपटका कुठं आहे याकडे प्रत्येक मराठा स्वाराची नजर असणारच. आणि चोपन्न वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ला, खडकीच्या लढाईला फौज निघताना याच जरीपटक्याची काठी मोडली. ग्रँट डफनं ती नोंद केलेली आहे. लोकांनी तो अपशकुन मानला. पुढं काय झालं ते आपण जाणतो.

तर झेंडा जमिनीला लागू नये, हा नियम असा रक्तातून आलेला आहे.

मग रणातला झेंडा खेळात कसा आला? निशाण धरणारा माणूस हा निवडक गडी असे. एका हातात निशाण, दुसऱ्या हातात तलवार. त्याला निशाण हलवून इशारे द्यावे लागत, अंगावर धावून आलेल्याला काठीनं परतवावं लागे, आणि वेळ पडली तर निशाण दुसऱ्याकडे सुखरूप पोचवावं लागे. या सगळ्याचा सराव व्हायचा. सराव करता करता त्यात डौल आला, आणि डौल आला की त्याची विद्या होते. इ.स. १६३८मध्ये पादुआ शहरात फ्रान्चेस्को फेर्दिनान्दो आल्फिएरी या शस्त्रविद्येच्या उस्तादानं ‘ला बान्दिएरा’ नावाचं पुस्तक छापलं. झेंडा कसा धरायचा, कसा फिरवायचा, कसा फेकायचा, यावर आकृत्यांसह लिहिलेलं पुस्तक. आपले शिवाजी महाराज तेव्हा लहान होते, म्हणजे काळ लक्षात येईल.

पुढं तोफा-बंदुका आल्या, लढाईचं तंत्र बदललं, आणि निशाण नाचवणाऱ्याची रणात गरज उरली नाही. बऱ्याच शहरांत ही विद्या विझून गेली. सिएना मात्र अपवाद. तिथं शहराच्या सतरा आळ्या आहेत, त्यांना ‘कोन्त्रादा’ म्हणतात. त्यांच्या हद्दी १७२९मध्ये आखून दिल्या त्या आजतागायत तशाच आहेत. दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला शहराच्या मुख्य चौकात घोड्यांची शर्यत होते, आणि तिच्याआधी प्रत्येक आळीचे दोन झेंडेकरी आणि एक ढोलवाला मिरवत येतात. हे तिथं पिढ्यान् पिढ्या चालत आलं. महायुद्धात थांबलं, करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत थांबलं, पुन्हा सुरू झालं.

बाकीच्या गावांनी ते नव्यानं उभं केलं. कधी? इथं कान देऊन ऐका. फ्लोरेन्सनं आपला जुना चेंडूचा खेळ आणि त्याची मिरवणूक १९३०मध्ये पुन्हा सुरू केली. आरेत्सोनं भालाईतांची स्पर्धा १९३१मध्ये. म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीत! त्या राजवटीला गतवैभवाची भूक होती. मध्ययुगीन पोशाख, झेंडे, ढोल, शिस्तीत चालणारे तरुण, हे सगळं तिला हवंच होतं. जुन्या गोष्टीला कुणी नवा प्राण घालतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतं, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यानं कधी विसरू नये. १९८३ साली हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी संपादित केलेलं, परंपरा कशा घडवल्या जातात यावरचं पुस्तक आलं, तेव्हापासून हा विचार विद्यापीठांतून रुळलेला आहे.

पण गोष्ट तिथं संपत नाही. राजवट गेली, खेळ राहिला. आस्ती शहरानं आपली शर्यत १९६७मध्ये पुन्हा सुरू केली, तेव्हा वातावरण पूर्ण निराळं होतं. आज त्या गावांत संध्याकाळी पोरं-पोरी आळीच्या चौकात झेंडा फेकायला शिकतात, शेजारचा काका शिकवतो, आई-आजी पोशाख शिवते. ज्यानं सुरू केलं त्याचा हेतू एक होता, ज्यांनी पुढं चालवलं त्यांचा दुसरा. आम्हाला वाटतं, कोणत्याही पुनरुज्जीवनाकडे बघताना दोन्ही प्रश्न विचारावेत. हे कुणी उठवलं? आणि आता हे कुणाच्या हातात आहे?

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे असं का नाही?

आहे की! आपण त्याला ‘देवाचं’ म्हणतो म्हणून ती कला आपल्या नजरेत भरत नाही, एवढंच.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा पहिलाच अध्याय काढा. पहिलं नाटक कधी झालं? इंद्राच्या ध्वजमहोत्सवात. दैत्य विघ्नं आणू लागले तेव्हा इंद्रानं तोच ध्वज उचलला आणि त्यांना झोडपून जर्जर केलं. म्हणून त्या काठीचं नाव ‘जर्जर’ पडलं आणि रंगभूमीवर तिची पूजा होऊ लागली. वराहमिहिरानं बृहत्संहितेत इंद्रध्वज कसा उभारायचा यावर अध्यायच लिहिला आहे. म्हणजे काठी, कापड, उत्सव आणि खेळ यांची गाठ आपल्याकडे फार जुनी आहे. आपल्या दारातली गुढी त्याच कुळातली, असं अनेक अभ्यासक मानतात.

कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीवर जोतिबा आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला गावोगावच्या सासनकाठ्या तिथं येतात. उंचच उंच कळक, त्याला कापड गुंडाळलेलं, वर निशाण. एक गडी ती काठी अंगावर तोलून नाचवतो आणि भोवतीचे गडी तिला बांधलेले दोर ताणून धरतात. त्या दोरांना तिकडे तोरण्या म्हणतात. वरून गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि चांगभलंचा गजर. काठ्यांना क्रम असतो. पहिला मान सातारा तालुक्यातल्या पाडळीच्या काठीचा. आम्ही एकदाच पाहिलं. डोळे काठीच्या शेंड्याकडे जातात, पण बघायचे असतात ते दोरवाले. नाचवणाऱ्याचं नाव होतं, पण चार बाजूंच्या चौघांनी एकमेकांचा ताण ओळखला नाही तर काठी कुणाच्या तरी डोक्यात बसेल.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, सोलापूरचं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची यात्रा जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला भरते. सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी आळीपाळीनं तो उभा ध्वज कमरेशी पेलून चालतात. सिद्धरामेश्वरांनी शहरात आणि परिसरात अडुसष्ट लिंगं स्थापली असं मानतात. पहिल्या दिवशी ध्वज त्यांच्या भेटीला जातात, दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा होतो. नागफणी बांधलेला ध्वज तर एकट्यानं पेलायचा असतो. त्यासाठी पोरं कितीतरी दिवस आधीपासून सराव करतात. या सात ध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले आहेत. शेवटचे दोन मातंग समाजाकडे आहेत.

आता कुणी म्हणेल, सर, शेवटचे दोन म्हणजे उतरंडच झाली की. बरोबर आहे. उतरंड आहे, आणि आम्ही तिच्यावर गुलाल टाकून ती झाकणार नाही. पण एक बघा. ध्वज सात आहेत आणि सातही निघाल्याशिवाय यात्रा होत नाही. आपल्या समाजानं जिथं अनेकांना दाराबाहेर ठेवलं, तिथं या मिरवणुकीत त्यांच्या हातात ध्वज आहे. तो सातव्या क्रमांकावर का, हा प्रश्न विचारायला जागा तरी आहे. सिएनातही सतरापैकी एका शर्यतीत दहाच आळ्या धावतात, आणि कुणाचा नंबर लागला नाही यावरून तिथंही धुसफूस चालते.

तिसरं उदाहरण आपल्या अंगणातलं. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते ती आपल्या जिल्ह्यातून जाते. पाटोदा तालुक्यात पारगाव घुमऱ्याला तिचं रिंगण होतं. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर तिथं गेलो होतो. रिंगणात आधी पताका घेतलेले वारकरी धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी. एका वारकरीबाबांनी आमच्या हातात आपली पताका दिली आणि म्हणाले, ‘धर लेकरा, आलोच पाणी पिऊन.’ आम्ही जरा वेळानं दमलो आणि काठी जमिनीवर टेकवली. कापड चिखलाला लागलं. बाबा परत आले, रागावले नाहीत. धोतराच्या सोग्यानं त्यांनी ते कापड पुसलं आणि म्हणाले, ‘दमला व्हय? मग शेजारच्याला द्यायची. खाली नाही ठेवायची.’

मित्रहो, पुढं आम्ही पाश्चात्त्य आणि भारतीय तत्त्वज्ञानाची पुष्कळ पुस्तकं वाचली. पण चिन्हाचा मान कसा राखायचा, याबद्दल त्या दोन वाक्यांपेक्षा नेमकं काही सापडलं नाही. दमलास तर दुसऱ्याला दे.

आणि ही वारी तरी जशीच्या तशी अनादि आहे का? तसंही नाही. पायी वारी ज्ञानदेवांच्याही आधीची मानतात, पण पालखीची प्रथा १६८५मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सुरू केली. आळंदीच्या पालखीला आजचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२च्या सुमाराला. हे बाबा कोण? ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. १८१८ला पेशवाई बुडाली, लष्करं मोडली. या लष्करी माणसानं वारीला शिस्त लावली. दिंड्यांचे क्रम, चोपदार, तंबू, मुक्काम, कर्णा. घोडे अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येऊ लागले, ते अजून येतात. रिंगणात एका घोड्यावर निशाण घेतलेला स्वार असतो आणि दुसऱ्या घोड्याची पाठ रिकामी असते, तो माउलींचा.

डोळ्यांपुढं आणून बघा. राक्षसभुवनच्या मैदानात घोडा दौडला तो माणूस मारायला. तसाच घोडा, तसाच निशाणाचा स्वार, वाखरीच्या रिंगणात दौडतो, आणि तो गेल्यावर लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. इटलीत निशाण रणातून चौकात आलं, आपल्याकडे ते रणातून रिंगणात आलं. आल्फिएरीनं पुस्तक लिहिलं, हैबतबाबांनी दिंड्यांचा क्रम लावला. आपल्याला त्याला पुनरुज्जीवन म्हणायची सवय नाही, इतकंच.

अलीकडच्या काळातही हे चालूच आहे. पुण्याच्या गणपती मिरवणुकीतल्या ढोल-ताशा पथकांत आता ध्वज नाचवणारी मुलं-मुली असतात. नातीनं ती पाहिलेली होती, पण इटलीची चित्रफीत बघताना तिला ती आठवली नाहीत.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू भाग.

आम्ही नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. गाव आणि महाविद्यालय सांगत नाही. एका जयंतीच्या आधल्या रात्री काही मुलांनी फाटकावर आपल्या महापुरुषाच्या नावानं झेंडा लावला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गटानं शेजारी आपला झेंडा लावला, हातभर उंच. तिसऱ्या दिवशी पहिल्यांचा बांबू वाढला. मग दगड आले. शेवट पोलीस ठाण्यात झाला. आम्ही त्या समितीवर होतो. नियमावर बोट ठेवून दोन्ही झेंडे उतरवायला लावले आणि स्वतःला मोठे निःपक्षपाती समजलो. झेंडा उतरवणाऱ्यातला एक मुलगा, चांगला वाचणारा, आमच्याच वर्गातला, खाली आल्यावर घडी घालत म्हणाला, ‘सर, उतरवला. आता याचं करायचं काय?’

आम्हाला उत्तर देता आलं नाही. त्या मुलावर गुन्हा दाखल झाला होता, त्यानं पुढं शिक्षण सोडलं. बरीच वर्षं झाली. तो प्रश्न मात्र आमच्या मागं आहे.

झेंड्याची दोन कामं असतात असं आता आम्हाला वाटतं. एक रोवण्याचं, दुसरं खेळवण्याचं. रोवलेला झेंडा सांगतो, ही जागा आमची. खेळवलेला झेंडा सांगतो, आम्ही आलो आहोत, बघा. आणि तो पुढं जातो. जागा मोकळी होते, मागून दुसऱ्याला यायला वाव राहतो. पताका, सासनकाठी, नंदीध्वज, सिएनाचा झेंडा, सगळे चालते आहेत. आणि गुढी रोवलेली असली तरी ती आपल्याच दारात असते, शेजाऱ्याच्या नाही.

मग रोवणं नेहमी वाईटच का? असं आम्ही म्हटलं तर या गावात आमचं तोंड दाखवायची सोय नाही. स्वामी रामानंद तीर्थ याच गावच्या शाळेत मास्तर होते. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला आणि आपल्या निजामी राज्यात तिरंगा लावणं हा गुन्हा होता. स्वामीजींना त्याच दिवशी अटक झाली. पुढचं वर्षभर, १७ सप्टेंबर १९४८पर्यंत, मराठवाड्यातल्या किती तरुणांनी झेंडा लावण्यापायी तुरुंग भोगला, लाठ्या खाल्ल्या. तो झेंडा रोवायलाच हवा होता. कारण तो शेजाऱ्याच्या विरुद्ध नव्हता, जुलमाविरुद्ध होता. आणि एकदा रोवल्यावर त्याच्या खाली सगळ्यांना उभं राहता येत होतं.

तेव्हा कसोटी ही धरा. ज्या झेंड्याखाली शेजाऱ्याला उभं राहता येतं, तो रोवा. बाकीचे खेळवा.

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात काय चाललं आहे, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. चौकाचौकात बांबू उभे राहिले आहेत. दोन गावं एकमेकांच्या किराणा दुकानात जात नाहीत, अशा गोष्टी कानावर येतात. ज्यांची लेकरं एका बाकावर बसली, ती माणसं आज आडनाव विचारून बोलतात. अशा वेळी म्हातारा प्राध्यापक इटलीच्या झेंड्यांची गोष्ट सांगत बसला आहे, असं तुम्हाला वाटेल. पण सिएनाच्या सतरा आळ्यांत वैर आहे, चांगलं जुनं, पिढीजात वैर आहे. शर्यतीच्या दिवसांत तिथं हाणामाऱ्याही होतात. खेळानं वैर नाहीसं केलं नाही. खेळानं त्याला तारीख दिली, हद्द दिली, नियम दिला. आणि मुख्य म्हणजे पोरांच्या हाताला काम दिलं. दुसऱ्या आळीपेक्षा बांबू उंच करण्यात कसब लागत नाही. झेंडा वर फेकून तो न पाडता झेलण्यात मात्र वर्षं जातात.

आम्ही इटलीची नक्कल करा म्हणत नाही. त्या पोशाखात आपली पोरं सोंगाड्यासारखी दिसतील. आपल्याकडे पताका आहे, काठी आहे, रिंगण आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गावच्या जत्रेत, सप्त्यात, वेगवेगळ्या वस्त्यांच्या मुला-मुलींना एका रिंगणात पताका घेऊन धावायला शिकवता येईल. हो, मुलींनाही. आणि त्यात एकच नियम ठेवावा, त्या बाबांचा. खाली ठेवायची नाही, दमलात तर शेजारच्याला द्यायची. मग तो शेजारचा कोणत्या वस्तीचा आहे, हे विचारायला वेळच मिळणार नाही, कारण कापड जमिनीला लागेल.

यानं सगळं मिटेल असं आम्ही म्हणत नाही. जमिनीचे, पाण्याचे, नोकऱ्यांचे प्रश्न पताकेनं सुटत नाहीत. ते सोडवायला राजकारण लागतं, कायदा लागतो. पण ते सुटेपर्यंत माणसं एकमेकांशी बोलती राहायला हवीत, आणि त्यासाठी एकत्र करायचं काहीतरी काम हवं.

त्या मुलानं विचारलं होतं, ‘आता याचं करायचं काय?’ आज तो कुठं असेल ठाऊक नाही. त्याचीच मुलं आता कॉलेजच्या वयाची झाली असतील. भेटला तर आम्ही त्याला सांगू, बाबा, घडी घालून ठेवायचा नव्हता. तुला आणि त्या दुसऱ्या गटातल्या पोराला दोन्ही झेंडे देऊन मैदानात पाठवायला हवं होतं, एकाचा फेकलेला दुसऱ्यानं झेलायला. आम्हाला तेव्हा सुचलं नाही. चूक आमची होती.

येत्या आषाढीच्या आधी नाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाईल. नातीला घेऊन पारगाव घुमऱ्याला जायचं आम्ही ठरवलं आहे. गुडघे साथ देत नाहीत, धावणं काही होणार नाही. कडेला उभे राहू. कुणी पाणी प्यायला जाताना हातात पताका दिली तर धरू, आणि दमलो की नातीच्या हातात देऊ.